कुत्रे पाळावे, पण कोणते?

मराठी भाषेने कुत्र्याला फारसा न्याय दिला आहे, असे म्हणवत नाही. न सुधारणाऱ्या माणसाचा विषय निघाला की आपण कुत्र्याचे शेपूट नळीत घालतो. ज्याला कुठेच थारा नाही त्याला धोब्याचा कुत्रा म्हणतो. आणि कोणाचा अंत वाईट झाला तर तो कुत्र्याच्या मौतीने मेला, असे सांगतो. असे असूनही आपल्या श्रद्धास्थानांकडे पाहावे, तो तेथे कुत्रा हजर! दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्री आहेत आणि परंपरेने त्यांत चार वेद पाहिले आहेत. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ती कोरडी खाऊ नकोस म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. महाभारताच्या अखेरीस धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला. गंमत अशी, की यांपैकी एकाही कथेत कुत्र्याची जात सांगितलेली नाही. आपण मात्र आज कुत्रा आणावयाचा म्हटले, की पहिला प्रश्न करतो तो जातीचा.

हा प्रश्न गेले काही महिने आमच्या बाजारहत्नूरच्या घरात ठाण मांडून बसला आहे. आमचा मोत्या तेरा वर्षांची सोबत करून गेल्या वर्षी गेला. घराला अंगण आहे, मागे परस आहे, गावाबाहेर थोडी कापसाची आणि तुरीची जमीन आहे. रानडुकरांचा उपद्रव आमच्या भागाला नवा नाही. तेव्हा राखणदार हवा, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो पुढे. हैदराबादेस नोकरी करणारे चिरंजीव लॅब्रेडॉरचे पक्षपाती. शेजारच्या निवृत्त पोलीस मित्रांच्या मते अल्सेशियनवाचून दुसरा कुत्रा म्हणजे कुत्राच नव्हे. मराठी साहित्य आणि इतिहास यांत आयुष्य घालविल्यामुळे माझा स्वतःचा ओढा मुधोळकडे. आणि पंच्याऐंशीच्या घरातील मातोश्रींचे म्हणणे एका वाक्याचे : "आपली भाकरी ज्याला पचेल तो आणा."

वादाचा निकाल लावण्याकरिता मी जे वाचले, जाणत्यांना विचारले, त्यातून एक गोष्ट ध्यानी आली. कुत्र्याची प्रत्येक जात म्हणजे कोणत्या तरी मुलखाने आपल्या गरजेला शोधलेले उत्तर आहे. तेव्हा ते उत्तर उचलण्यापूर्वी मूळ प्रश्न काय होता, हे पाहिले पाहिजे.

अल्सेशियनचेच घ्या. जर्मनीत १८९९ मध्ये माक्स फोन श्टेफानिट्झ नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात पद्धतशीरपणे घडविण्यास आरंभ केला. खरे नाव जर्मन शेफर्ड; परंतु पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हा शब्दच नकोसा झाला, म्हणून अल्सेशियन हे नाव रूढ झाले. इंग्लंडच्या केनेल क्लबने मूळ नाव परत दिले ते १९७७ मध्ये. दिवसभर मेंढरांच्या कळपाभोवती फिरणे, मालकाचा शब्द झेलणे, हे या कुत्र्याचे जन्मजात काम. बुद्धी तल्लख, छाती निधडी. परंतु अंगावर केसांचे दोन थर! आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील थंडी त्याला मानवेल, कारण पौष-माघात येथे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. पण वैशाखात तोच पारा ४५ अंशांना टेकतो, त्याचे काय? कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, हाच त्याचा मुख्य उपाय. त्यात या जातीला मागच्या पायांच्या खुब्याचे दुखणे वारसाने येते आणि गोचिडांमुळे होणारा ताप तिला इतरांपेक्षा अधिक जाचतो. ज्या गावात गुरे आहेत, तेथे गोचीड आहेच.

लॅब्रेडॉरची कथा याहून निराळी. अटलांटिक महासागरातील न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या कुत्र्यांचा हा वंशज. बर्फासारख्या पाण्यात उडी घ्यावी, निसटलेली मासळी आणि जाळ्यांचे दोर ओढून आणावेत, हे त्यांचे काम. स्वभाव इतका गोड, की लेकरांनी कान ओढले तरी हूं की चूं करणार नाही. चिरंजीवांना तेच आवडते. पण राखणीच्या दृष्टीने हा गोडवाच आड येतो; रात्री आलेल्या चोराचेही तो शेपूट हलवून स्वागत करील, अशी मला शंका आहे. शिवाय खाण्याची हाव विलक्षण. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की सुमारे चतुर्थांश लॅब्रेडॉरांत भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. म्हणजे बिचाऱ्याची हाव हा संस्कारांचा दोष नाही. पण ज्या घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण कुत्र्यापुढे काही तरी टाकतो, तेथे त्याचे वजन आवरणार कोण? पोमेरेनियन म्हणून आपल्याकडे घरोघरी दिसणारी पांढरीशुभ्र कुत्री बहुधा भारतीय स्पिट्झ असतात. ती येथे रुळली आहेत, भुंकतातही खणखणीत. पण शेतावर रानडुकरांपुढे त्यांना उभे करणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ.

आता माझ्या हौसेकडे वळतो. कृष्णेच्या खोऱ्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातील शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना ती भेट दिली. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात याच कुळीच्या कुत्र्यांना कारवानी म्हणतात आणि लांब रेशमी केसांच्या प्रकारास पश्मी. लांबट तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, वेतासारखे पाय. हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. भारतीय डाक खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर आणि राजपालयम यांच्या पंक्तीला मुधोळ आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीच्या संवर्धनाचे सरकारी केंद्र चालते. २०१६ मध्ये तेथील पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात शिक्षणासाठी गेली. आपल्या मातीतल्या कुत्र्याला हा मान मिळाला, हे वाचून छाती फुगते.

कारवानी पाहावयाचा तर आम्हांला फार दूर जावे लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इकडे राहिलो. पण सोयरसंबंध आणि जत्रा काही रेषा ओढून तुटल्या नाहीत. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर तेथे कुत्र्यांचाही बाजार असतो आणि जिल्हा परिषदेतर्फे श्वान प्रदर्शन होते. ज्या देवाचा सोबती कुत्रा, त्याच्याच दारी कुत्र्यांचे कौतुक व्हावे, हे किती यथार्थ!

परंतु हौस बाजूला सारून विचार करू लागलो, की मनाची चलबिचल होते. मुधोळचा जन्म धावण्यासाठी आहे. त्याला मोकळे माळरान हवे आणि रोज धावविणारा मालक हवा. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. साखळीला बांधून ठेवला तर तो खंगतो. आणि डोळ्यांपुढून ससा पळाला, की मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. आमच्या जिल्ह्यालगत कवाल अभयारण्य आहे. २०१२ मध्ये त्याला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच. मग ज्याच्या रक्तात शिकार आहे, त्याला जंगलाच्या काठावर आणून त्याच्या रक्तालाच मज्जाव करावयाचा, हा कुठला न्याय?

राहिला गावठी. त्याला वंशावळ नाही, प्रमाणपत्र नाही, बाजारात किंमत नाही. पण आखूड केस, उभे कान, बेताचा बांधा आणि काटक प्रकृती ही त्याला कोणा हौशी माणसाने दिलेली नसून शेकडो पिढ्यांच्या ऊन-पावसाने दिली आहे. जे टिकले तेच राहिले. शेतातल्या माळ्याखाली रात्र काढणारी आमच्याकडील गोंड आणि कोलाम शेतकऱ्यांची कुत्री पाहावीत. चाहूल लागली की ती भुंकतात आणि माणूस जागा करतात. राखणदाराचे खरे काम तेवढेच आहे. लढणे हे त्याचे काम नव्हे. दोष त्याच्यातही आहेत. तो स्वतंत्र बुद्धीचा असतो, हुकूम पाळण्यापूर्वी विचार करतो, आणि मोकाट सोडला तर गावभर भांडणे ओढवून आणतो. पण हे दोष शिकवणीने आणि कुंपणाने आवरता येतात. उन्हात गुदमरणाऱ्या केसांना शिकवणीने उपाय नाही.

मात्र गावठी म्हणजे बिनखर्चाचा, ही समजूत खोटी आहे. पिल्लू कोणत्याही जातीचे असो, आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांच्या लसी सुरू कराव्या लागतात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. जंतांचे औषध वेळच्या वेळी हवे. पिल्ले वाढवावयाची नसतील तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. कांदा आणि द्राक्षे कुत्र्याला विषासमान आहेत, हे आपल्या स्वयंपाकघराने विशेष लक्षात ठेवावे, कारण उरलेल्या भाजीत कांदा असतोच. आणि घरच्या कुत्र्याचा दात जरी लागला, तरी हळद-चुना न लावता साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि दवाखाना गाठावा. लुई पाश्चरने १८८५ मध्ये ही लस पहिल्यांदा माणसाला दिली. एवढी वर्षे लोटूनही रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस क्वचितच वाचतो, म्हणून आधीची काळजी हाच उपाय.

एवढा सारा हिशेब मांडून झाल्यावर एके रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. तोवर आपण कुठे असू?" मी अठ्ठावन्न वर्षांचा. तीन वर्षांनी निवृत्त होईन. मुलगा म्हणतो, हैदराबादला या. सदनिका तिसऱ्या मजल्यावर आहे, दवाखाना जवळ आहे, नातू आहे. आमच्या गावातील किती तरी मराठी घरांची दारे अशीच एकेक करून बंद झाली. माणसे गेली आणि कुत्री उंबऱ्यावर बसून राहिली. शेजारीपाजारी काही दिवस भाकरी टाकतात. पुढे तीच कुत्री मोकाट म्हणून हाकलली जातात. धोब्याचा कुत्रा आपण म्हणतो खरे, पण घर आणि घाट दोन्ही त्याच्याकडून काढून घेतो तो माणूस, हे त्या म्हणीत कुठे येत नाही.

त्या प्रश्नावर आम्ही दोघे बरेच दिवस बोललो. शहरात जावयाचे तर लॅब्रेडॉर सोयीचा. पण मग मातोश्रींचे काय, जमिनीचे काय, शाळेतून सुटल्यावर अंगणात पुस्तके मागावयास येणाऱ्या मुलांचे काय? कुत्रा आणावयाचा की नाही, हे ठरविताना आपण येथे राहणार की नाही, हेच ठरवावे लागले. तेव्हा निर्णय झाला तो असा : निवृत्तीनंतर निदान मातोश्रींच्या हयातीपर्यंत घर बाजारहत्नूरलाच राहील; नातवाने सुट्टीत इकडे यावे. पुढे कधी शहरात जाण्याची वेळ आलीच, तर कुत्रा आमच्याबरोबर येईल, आणि ते जमणार नसेल तर आम्हीही जाणार नाही. ही अट मुलाला कळविली आहे. त्याने अद्याप होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

जातीचा प्रश्न त्यानंतर फार वेळ टिकला नाही. माळेगावला यंदा जाऊ, कारवानी डोळे भरून पाहू, त्यांना सांभाळणाऱ्यांचे कौतुक करू. ज्यांच्याजवळ मोकळे रान आणि तरणे पाय आहेत, त्यांनी ती जात अवश्य राखावी. आमच्या शेतावर राबणाऱ्या गड्याच्या कुत्रीला दिवाळीच्या सुमारास पिल्ले होतील. त्यांतले एक आठ आठवड्यांचे झाले की आमच्याकडे येईल. मातोश्रींनी नाव आताच ठरविले आहे, पण पिल्लू आल्यावाचून त्या ते सांगावयास तयार नाहीत.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी हाच वाद चालू असेल. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की जातीच्या चित्रांचे पुस्तक उघडण्यापूर्वी घरातील साऱ्यांनी एकत्र बसावे आणि दोन गोष्टी निश्चित कराव्यात : रोज सकाळी त्याला फिरवावयास कोण नेणार, आणि दहा वर्षांनी त्याला भाकरी कोण घालणार. ही दोन नावे कागदावर आली, की कोणती जात, हे ठरविणे पुष्कळच सोपे होते.