वासुकीतील दीर्घिकेचे छायाचित्र

चित्रा या ठळक ताऱ्यापासून सरळ दक्षिणेस सुमारे १९ अंश गेले की वासुकी तारकासमूहात एम ८३ ही दीर्घिका सापडते. लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने ती १७५२ साली केप ऑफ गुड होपहून पाहिली. पुढे मेस्येने ती पॅरिसहून पाहिली ती महत्प्रयासाने, कारण तेथे ती क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येते. महाराष्ट्रातून ती सुमारे ४० अंश वर येते. या बाबतीत आपण मेस्येहून भाग्यवान!

तरीही आमच्या आठ इंची दूरदर्शकाला डोळा लावला की दिसतो केवळ एक धुरकट ठिपका. छायाचित्रात मात्र गाभ्यातून आरपार गेलेला ताऱ्यांचा दांडा आणि त्याच्या टोकांपासून वळत निघालेल्या भुजा उमटतात. मग खरे कोणते? मराठी विषय घेतलेले माझे मित्र हे हटकून विचारतात, आणि ‘कॅमेऱ्याचा अतिशयोक्ती अलंकार’ असे उत्तरही स्वतःच देऊन टाकतात.

वस्तुतः डोळा प्रकाश फार वेळ साठवू शकत नाही. अंधुक उजेडात त्याला रंगही कळत नाहीत. कॅमेरा साठवितो. परंतु पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून दूरदर्शकाचा अक्ष ध्रुवाकडे रोखून तो मोटारीने त्याच गतीने उलट फिरवावा लागतो. मे महिन्यात, अमावास्येच्या सुमारास, गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन आम्ही दोन-दोन मिनिटांची ६४ छायाचित्रे घेतो आणि संगणकावर ती एकावर एक बसवितो. दीर्घिका प्रत्येकात तीच, पण चित्रातली खरखर दर वेळी निराळी, त्यामुळे दीर्घिकेच्या मानाने ती आठ पटींनी दबते (६४ चे वर्गमूळ!). मग दांडा वर येतो, जुन्या ताऱ्यांमुळे पिवळसर. भुजांत निळे, कोवळे तारे आणि हायड्रोजनचे गुलाबी ढग. हा दांडा नुसता शोभेचा नव्हे. त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे वायू गाभ्याकडे ओढला जातो व तेथे नवे तारे जन्मतात. आपल्या आकाशगंगेतही असा दांडा आहे, पण आपण घरातच बसलेले. घराचा आकार अंगणातून पाहणार कसा?

सबंध चित्र एकसारखे उजळावे, एखादीच भुजा हाताने गडद करू नये, हा माझा दंडक. त्याला कारण आहे. १९२३ ते १९८३ या काळात या एकाच दीर्घिकेत सहा ताऱ्यांचे महास्फोट नोंदले गेले. म्हणून नवे छायाचित्र तयार झाले की आम्ही ते गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवतो आणि तेव्हा नसलेला एखादा ठिपका कोठे दिसतो का, ते पाहत बसतो.