विनाशिका ‘चोई यंग’

‘विनाशिका’ हे नाव ऐकताच मनाला थोडी धास्ती वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, चपळ नौकांचा नाश करण्यासाठी वेगवान जहाजे बांधण्यात आली. त्यांवरून हे नाव रूढ झाले. परंतु आजच्या विनाशिकेला नाशाबरोबर रक्षणही करावे लागते. दक्षिण कोरियाच्या आरमारातील ‘चोई यंग’ ही नौका याचे उत्तम उदाहरण होय.

उल्सान येथील गोदीत बांधलेली ही नौका २००८ साली आरमारात दाखल झाली. तिची लांबी सुमारे १५० मीटर आहे. तिच्या भिंती सरळ उभ्या नसून किंचित तिरप्या आहेत. शत्रूच्या रडारच्या लहरी त्यांवर आदळून माघारी न जाता अन्यत्र वळाव्यात, हा त्यातील हेतू. तिच्यात दोन प्रकारची यंत्रे आहेत. दूरच्या संथ प्रवासात इंधन वाचावे म्हणून डिझेल एंजिने चालवितात. पाठलागाचा प्रसंग येताच गॅस टर्बाइने सुरू करतात. मग नौका ताशी सुमारे २९ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ५४ किलोमीटर, वेगाने धावते. पुढे १२७ मिलिमीटर व्यासाची तोफ, पोटात क्षेपणास्त्रे आणि पिछाडीस हेलिकॉप्टरसाठी जागा, अशी तिची रचना आहे.

या सामर्थ्याची कसोटी २०११ च्या जानेवारीत लागली. आपल्या गोमंतकाच्या किनाऱ्याला भिडणाऱ्या अरबी समुद्रातच, पण दूर पश्चिमेकडे, १५ तारखेला सोमाली चाच्यांनी ‘सामहो ज्वेलरी’ हे मालवाहू जहाज पकडले. त्यावर कोरिया, म्यानमार व इंडोनेशिया या देशांचे एकवीस खलाशी होते. विनाशिकेने जहाज गाठले खरे. पण तोफ डागावी, तर ज्यांना सोडवायचे त्यांचाच घात व्हायचा! १८ तारखेचा पहिला प्रयत्न फसला. तीन सैनिक जखमी झाले. इकडे ओलीस असलेल्या कप्तान सोक हे-ग्युन यांनी युक्तीने जहाजाची गती मंदावून ते सोमालियाच्या किनाऱ्याला लवकर पोहोचू दिले नाही.

२१ तारखेच्या पहाटे विनाशिकेने व हेलिकॉप्टरने गोळीबार करून चाच्यांना गुंतवून ठेवले. तेवढ्यात लहान होड्यांतून गेलेले सैनिक जहाजावर चढले. सुमारे पाच तासांच्या झुंजीत आठ चाचे ठार झाले, पाच पकडले गेले. एकवीसही खलाशी जिवंत सुटले. कप्तान गोळ्यांनी गंभीर जखमी झाले होते. दीर्घ उपचारांनंतर तेही बरे झाले.

ज्यांचे नाव या नौकेला दिले आहे, ते चोई यंग चौदाव्या शतकातील कोरियाचे सेनापती. किनाऱ्यावरील गावे लुटणाऱ्या चाच्यांशी त्यांनीही झुंज दिली होती. त्यांच्या नावाच्या नौकेने, हाती प्रचंड तोफ असताना, ती कोठे आवरावी हेही जाणले. बळाइतकाच हा विवेकही शूराला शोभतो.