बटण दाबल्यानंतरचे मौन

इंदूरच्या आमच्या शाळेतून पंधराएक वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक विद्यार्थी आज नव्याने पदवी घेतलेल्या तरुणांना संगणकाच्या आज्ञावल्या लिहावयास शिकवितो. गेल्या महिन्यात तो घरी आला आणि म्हणाला, "सर, रविवारी काकूंना घेऊन माझ्या वर्गात याल का? शिकवायला नव्हे, चुका करायला." आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासणाऱ्या माणसाला असे आमंत्रण सहसा येत नाही. आम्ही उभयता गेलो.

वर्गातील प्रत्येकाने अर्ज भरण्याचे एकेक पान तयार केले होते. आमच्यासाठी म्हणून त्याची भाषा मराठी ठेवली होती. माझ्या हाती एक साधा मोबाइल देण्यात आला, आणि ते पान रचणारा हिंदीभाषक मुलगा माझ्या पाठीमागे उभा राहिला. त्याला ताकीद अशी की, तोंडातून अवाक्षरही काढावयाचे नाही. इंटरनेटचा वेग मुद्दाम मंद केलेला होता. मी नाव, गाव, जन्मतारीख भरून 'पाठवा' हे बटण दाबले. काहीच घडले नाही. थोडे थांबून पुन्हा दाबले, मग तिसऱ्यांदा. अखेर 'अर्ज मिळाला' असे उमटले, आणि शिक्षकाने दुसऱ्या यंत्रावर दाखविले, की माझा एकच अर्ज तेथे तीन वेळा नोंदला गेला आहे. मुले हसली.

मला हसू आले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, रिक्षा चालवून संसार करणाऱ्या गृहस्थांनी, शिष्यवृत्तीचा अर्ज असाच रात्री मोबाइलवर भरला होता. बटण मुके राहिले म्हणून त्यांनी ते पुन्हा दाबले. एकाच मुलीचे दोन अर्ज आले, म्हणून दोन्ही बाद ठरले. मी पत्रे लिहिली. उत्तर येईपर्यंत वर्ष संपले होते. "तुम्ही दोनदा दाबलेच कशाला?" असे त्यांना विचारणाऱ्यांत मीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

दाबणाऱ्याचा तो दोष नव्हता. जेकब नील्सन या अभ्यासकाने १९९३ साली आपल्या ग्रंथात प्रतिसादाच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत. एक दशांश सेकंदात उत्तर आले तर ते तत्क्षणी आले असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे मन दुसरीकडे धावू लागते. मग हे नव्या प्रोग्रामरच्या अंगी बाणवणे इतके कठीण का जाते? माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की कॉलेजात ही मुले पाककृतीसारखा प्रोग्राम शिकतात: आधी हे, मग ते, शेवटी उत्तर. क्रम सर्वस्वी लिहिणाराच्या हाती. पण वापरणाऱ्याशी संवाद करणाऱ्या पानात तो क्रम परक्या माणसाच्या बोटात असतो. तो शेवटची चौकट आधी भरील, मध्येच मागे जाईल, किंवा काहीच करणार नाही. लिहिणाऱ्याने हुकूम सोडण्याचे थांबवून कान देऊन बसावयाचे, ही त्याची खरी शिकवणी.

वेबची पाने मुळात वाचण्यासाठी होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ज्याचा प्रस्ताव मांडला, ते दस्तऐवजांचे जाळे होते. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केले आणि पानाला कान फुटले. सारे पान नव्याने न मागविता मागच्या मागे सर्व्हरशी देवघेव करण्याची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. २००५ साली गूगलचा नकाशा हाताबरोबर सरकू लागला, तेव्हा तिचे सामर्थ्य लोकांना उमगले.

येथेच एक खोच आहे. पानातील जावास्क्रिप्ट सामान्यतः एका वेळी एकच काम करते. हे समजाविण्यासाठी शिक्षकाने फळ्यावर आमचीच शाळा काढली. शाळेत शिपाई एकच. त्याला जिल्हा कार्यालयात धाडून "उत्तर घेऊनच ये" म्हटले, तर इकडे घंटा कोण देणार? म्हणून त्याने टपाल देऊन तत्काळ परतावे. उत्तर येईल तेव्हा दुसऱ्या कामांमागे रांगेत लागेल. आमच्या शिपायाला ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नव्हती.

उपाय दोन सांगितले. पहिल्या स्पर्शालाच बटणाने आपली मुद्रा बदलावी आणि काम होईतो दुसरा स्पर्श घेऊ नये. पण एवढ्याने भागत नाही. अर्ज पोहोचला आणि पोच वाटेत हरवली, तर माणूस तो पुन्हा पाठविणारच. म्हणून अर्जाला आरंभीच एक खूण द्यावी. तीच खूण दुसऱ्यांदा आली, तर सर्व्हरने तो नवा अर्ज समजू नये. त्या रिक्षावाल्या गृहस्थांसाठी एवढे पुरेसे होते.

माझ्या पत्नीने वेगळीच चूक शोधली. तिचे नाव ज्योत्स्ना. एका मुलीने पहिल्या नावास आठ अक्षरांची मर्यादा घातली होती, आणि पडद्यावर 'ज्योत्स्' एवढेच उरले. कानाला दोन अक्षरांचे हे नाव यंत्राच्या हिशेबी दहा चिन्हांचे आहे. व्यंजन, हलन्त, मात्रा, सारे ते सुटे मोजते. त्या मुलीने हे वहीत टिपून घेतले. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाने आपली मांडणी बदलावी, हा २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी मांडलेला विचार तिला चांगला अवगत होता. नावाच्या लांबीचा विचार तिला प्रथमच करावा लागत होता.

संध्याकाळी माझ्या मुलाने, म्हणजे त्या मुक्या पहारेकऱ्याने, दुरुस्त केलेले पान पुढे ठेवले. मी बटण दाबताच ते फिकट झाले आणि त्यावर 'पाठवित आहे' असे उमटले. मी मुद्दाम इंटरनेट बंद केले, तेव्हा भरलेला मजकूर जसाच्या तसा राहिला. आता बोलण्याची मुभा मिळाल्याने त्याने विचारले, "सर, अब ठीक है?" ठीकच होते; फक्त 'पाठवित' मधील 'वि' ऱ्हस्व होता. मराठी मजकूर मला शिक्षकांनी लिहून दिला, असे त्याने सांगितले. माझ्या विद्यार्थ्याने काही न बोलता खुर्ची पुढे ओढली आणि तो दीर्घ केला.