शीसचं पाणी, वुरय्याचं फाटक

फेब्रुवारीतला शनिवार. शारजाहून खोरफक्कानला जाणारा रस्ता बोगद्यातून बाहेर पडतो आणि दोन्ही बाजूंना हजर पर्वत उभा राहतो. झाड नाही, गवत नाही, मातीचा लेपसुद्धा नाही. तपकिरी, काळपट, मध्येच हिरवट झाक मारणारा नुसता खडक. मागच्या सीटवर मावशी काचेला टेकून बघते आहे. तिचं माहेर गुहागरचं, सासर चिपळूणचं. डोंगर म्हणजे हिरवा, ओला आणि धुक्यातला, असं तिचं सगळं आयुष्य. "अरे, याच्यातून धबधबा कुठून काढणार आहेस तू?" ती विचारते.

प्रश्न रास्त आहे. या देशात वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गुहागरला तो जुलैतल्या एखाद्या दिवसात पडून जातो. पण खडक बघावा. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला. हा डोंगर मात्र मुळात समुद्राचा तळ आहे. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी महासागराखालचं कवच आणि त्याच्याही खालचा खडक अरबस्तानच्या कडेवर ढकलला गेला, तोच हा. जमिनीवर इतका सलग आणि उघडा समुद्रतळ जगात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतो. ढकलाढकलीत त्याला असंख्य भेगा पडल्या. थोडका पाऊस त्या भेगांत उतरतो, उन्हापासून लपून राहतो आणि दूर कुठल्यातरी घळीत महिनोन् महिने पाझरत राहतो. मावशीला दाखवायचं आहे ते हे पाझरणारं पाणी.

शीस गावाकडे वळतो तेव्हा मोबाइल वाजतो: ओमानमध्ये स्वागत असल्याचा संदेश. सीमा ओलांडलेली नाही, पण ती अगदी जवळ आहे. मधा हा ओमानचा तुकडा चारही बाजूंनी अमिरातीने वेढलेला आणि त्या मधाच्या पोटात नहवा हे शारजाचं गाव. मावशीचा नातू बोटाने हवेत गोलात गोल काढून बघतो आणि त्याला ते पटतं.

शीसला आता बाग केली आहे. डोंगराच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्यांची, मुलांच्या खेळण्यांची जागा असलेली, वरून पाणी सोडलेली. सुटीचा दिवस, त्यामुळे चटया अंथरल्या आहेत, थर्मास उघडले आहेत, कुठेतरी मल्याळी गाणं आणि कुठेतरी पश्तो बोलणं. नातू तिथेच रमतो. त्याला हाताला धरून आम्ही पुढे, जुन्या गावाकडे निघतो.

घळ अरुंद होते आणि हवा बदलते. खडकाच्या कडेने वीतभर रुंद सिमेंटची पन्हळ चालली आहे आणि तिच्यातून स्वच्छ पाणी पळतं आहे. हा फलज. जमिनीखालून बोगदे खणून आणलेले फलज अल ऐनला आहेत; तिथल्या उत्खननांत तीन हजार वर्षांपूर्वीचे सापडले आहेत आणि २०११ मध्ये युनेस्कोने अल ऐनची ही सगळी सांस्कृतिक स्थळं जागतिक वारशात घेतली. इथला साधा प्रकार आहे, त्याला घैली म्हणतात: घळीतलं वाहतं पाणी वरच्या अंगाला अडवायचं आणि उतार सांभाळत कडेकडेने वाडीपर्यंत न्यायचं. पन्हळीच्या काठाकाठानेच पायवाट आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली ओढा. मावशी चपला हातात घेते आणि अनवाणी चालू लागते.

"हा पाटच आहे," ती म्हणते. पुढे खजुराच्या सावलीत आलो की तिची खात्रीच पटते. खजुराच्या खाली लिंबू, लिंबाखाली जनावरांसाठी हिरवा चारा, आणि प्रत्येक बुंध्याभोवती आळं. सुपारीच्या बागेत वाढलेल्या बाईला याच्यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. एका आळ्याकडे जाणारं तोंड उघडं आहे. बाकीची चिंध्यांचे बोळे आणि त्यांवर दगड ठेवून बंद. खोरं घेऊन उभा असलेला माणूस चितगावकडचा आहे. हिंदी मोडकंतोडकं बोलतो, पण पाण्याविषयी बोलताना अडखळत नाही. आत्ता या बागेची पाळी आहे, मग खालच्या बागेची. पाळी संपायच्या आत शेवटचं आळं भरायला हवं. मावशी वाकते, भरलेल्या आळ्याच्या कडेची माती बोटांनी दाबून बघते आणि सांगते, "भरलं. आता वळव." तो एक क्षण तिच्याकडे बघतो आणि खरंच वळवतो. बोळा निघतो, पाणी पुढच्या आळ्यात घुसतं.

फलजचं पाणी वेळेने वाटलं जातं. कुणाचा किती वेळ हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून तो वेळ मोजायची रीत होती आणि वाटपावर नजर ठेवणारा जाणता माणूस असे. धुळे-नंदुरबारकडे पांझरेच्या काठी बंधाऱ्याचं पाणी फडांना फिरवणारे पाटकरी हेच काम करत आले. मला वाटतं, कोरड्या मुलखात पाणी शोधण्यापेक्षा ते न भांडता वाटणं अवघड असतं. आत्ता पायांशी चाललेली ही वीतभर धार अशा वाटपामुळेच इतकी टिकली आहे.

पाट सोडून आम्ही ओढ्यात उतरतो. कण्हेर फुललेली आहे. गुलाबी, रानची, कुणी न लावलेली, थेट ओढ्याच्या दगडगोट्यांतून उगवलेली. तिची विषारी पानं शेळ्या खात नाहीत, म्हणून ती इथे तगून आहे. वरच्या अंगाला सिद्र म्हणजे बोराच्या जातीचं झाड, त्याखाली वेचावीत अशी बारकी फळं. येताना रस्त्यावर दिसलेलं गाफ, या देशाचं राष्ट्रीय झाड, म्हणजे तर आपली शमीच. मावशीला हे सांगतो तेव्हा ती परत जाताना गाडी थांबवायला लावते; दसऱ्याला जिचं नाव घेतो ती शमी तिला नीट बघायची आहे. पण ते परत जाताना.

डोह गुडघाभर खोल. पाणी इतकं नितळ की तळातल्या गोट्यांचे रंग मोजावेत. नातू पाय सोडतो आणि किंचाळून वर घेतो, पुन्हा सोडतो. बोटभर लांबीचे मासे त्याच्या टाचांना येऊन लागतात. हे गारा गटातले मासे. यांचे भाऊबंद सह्याद्रीच्या ओढ्यांतही दगडांना चिकटून राहतात. ओढा आटला की उरलेल्या डबक्यांत ते दाटीवाटीने दिवस काढतात, पुढच्या पुराची वाट बघत.

आणि पूर येतो. माझ्या डोक्याच्याही वर, सिद्रच्या फांद्यांत वाळलेल्या गवताचे आणि खजुराच्या झावळ्यांचे गुंते अडकलेले आहेत. ते तिथे पाण्याने नेऊन ठेवले आहेत. पायाखालचा कोरडा दगड आणि डोक्यावरचा तो गुंता यांच्यामधलं अंतर मावशी डोळ्यांनी मापते आणि नातवाला जवळ ओढते. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनकडच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा एकदम. या खडकावर माती नाही, म्हणून पाणी थबकत नाही. डोंगराच्या माथ्यावर ढग फुटला तर खाली ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. २०२३ पासून पुराच्या वेळी वादीत, म्हणजे अशा ओढ्याच्या पात्रात, गाडी घालणाऱ्याला २,००० दिरहम दंड आहे आणि गाडी साठ दिवस जप्त होते. आज आकाश निरभ्र आहे. तरी मी दोनदा वर बघतो.

दुपारी खाली उतरतो. अल रफिसा धरणावर बदकं, होड्या, आइस्क्रीम. मग खोरफक्कान: निळा समुद्र आणि डोंगराच्या कड्यावरून रस्त्याकाठी कोसळणारा उंच धबधबा. तो बांधलेला आहे, पाणी पंपाने वर चढवलेलं. लोक फोटो काढताहेत, आम्हीही काढतो. तुषार अंगावर येतात ते खरे असतात आणि मुलाला तेवढं पुरतं. मावशी मात्र विचारते, "इथला स्वतःचा धबधबा आहे की नाही कुठे?"

आहे. उत्तरेला बिदियाच्या वाटेवर डावीकडे फाटा फुटतो, त्या रस्त्याच्या टोकाला. वादी वुरय्या. गाडी मोकळ्या, दगडी माळावरून जाते आणि थांबते, कारण पुढे जायची परवानगी नाही. पाटी, अडसर, पलीकडे वळत गेलेला रस्ता आणि त्यामागे डोंगरांच्या रांगा. हा मुलूख फुजैरा अमिरातीने २००९ मध्ये संरक्षित केला. २०१० मध्ये तो रामसर पाणथळींच्या यादीत गेला आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र ठरवलं. आत बारमाही डोह आहेत, खडकावरून उतरणारा धबधबा आहे, ओलाव्याला उगवणारं रानटी ऑर्किड आहे. पूर्वी लोक थेट तिथपर्यंत गाड्या नेत. शेकोट्या पेटत, डोहात प्लॅस्टिक साचे, धबधब्याच्या खडकावर रंगाने नावं लिहिलेली असत. मग वादी बंद झाली.

"म्हणजे एवढं येऊन बघायचं नाही?" नातू हिरमुसतो. त्याला कारण हवं आहे, आणि कारण मला मनापासून सांगायचं आहे, म्हणून गाडीच्या बॉनेटवर बसून आम्ही बोलतो.

आत ताहर नावाचं रानबोकडासारखं जनावर राहतं. केसाळ, ठेंगणं, उभ्या कड्यावर चढणारं. जगात ते फक्त या हजर पर्वतात आहे, अमिरातीत आणि ओमानमध्ये, आणि फार थोडं उरलं आहे. वाळवंटातले बरेच प्राणी पाण्यावाचून दिवस ढकलतात. ताहरला ते जमत नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी त्याला कड्यावरून खाली उतरून डोहावर यावंच लागतं. डोहाकाठी माणसं, गाणी आणि निखारे असले तर ते वरूनच परत फिरतं. एकदा फिरेल, दोनदा फिरेल. पुढचं नातवाला सांगावं लागत नाही.

आणि या जनावराच्या शास्त्रीय नावात एक मराठी आडनाव आहे: अरबिट्रॅगस जयकरी. मुंबईचे आत्माराम सदाशिव जयकर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मस्कतला अनेक वर्षं काढली. दवाखाना सांभाळून ते मासे, सरडे, साप, शिंपले गोळा करत आणि लंडनच्या संग्रहालयाला पाठवत. ताहरचे नमुनेही त्यांनीच पाठवले आणि १८९४ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याला जयकरांचं नाव दिलं. याच डोंगरांतल्या ओढ्यांकाठचा एक मोठा सरडा, वाळूत दडणारा एक साप, समुद्रातला एक अश्वमीन, हेही त्यांच्या नावाचे. त्यांनी ओमानी बोलीचा अभ्यास केला, तिथल्या म्हणी जमवल्या आणि दमीरीचा प्राणिकोश अरबीतून इंग्रजीत आणला. आखातात आज लाखो भारतीय आहेत, त्यांत आपण मराठी माणसंही पुष्कळ. त्यांतल्या फार थोड्यांना जयकर माहीत आहेत याचं मला वाईट वाटतं. नोकरीच्या गावचा दगड, पाणी, बोली आणि जनावरं इतक्या आस्थेने आपली मानणारा माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवा होता.

मावशी नाव पुन्हा म्हणून बघते. "जयकर. आणि बोकड त्यांचा." नातू अडसराच्या पलीकडे कड्यांवर नजर फिरवतो, एकेक कपार तपासतो. काही हलत नाही.

मागून एक मोठी गाडी येते. टपावर घडीच्या खुर्च्या, मागच्या काचेतून कोळशाच्या पिशव्या आणि मांसाचा शीतपेटारा दिसतो. चार तरुण उतरतात, पाटी वाचतात, फोनवर कुणाशी तरी बोलतात, आमच्याकडे बघून हात उडवतात. आत जायचा दुसरा रस्ता आहे का, असं एक जण विचारतो. नातू माझ्याआधीच "नो" म्हणतो आणि ताहरला पाणी लागतं हे त्यांना इंग्रजीत सांगायला लागतो. ते ऐकून घेतात, खुर्च्या पुन्हा आवळतात आणि गाडी समुद्राकडे वळवतात. त्यांच्यामागून आम्हीही निघतो. बिदियाची चार बुटक्या घुमटांची, पंधराव्या शतकातली मशीद उजेड आहे तोवर गाठायची आहे, आणि मावशीला शमीखाली थांबायचं आहे.