‘अपूर्ण गरज’ : एका संज्ञेचा अर्थविचार

लोकसंख्याशास्त्रातील काही संज्ञा नित्याच्या शब्दांनी घडलेल्या असल्यामुळे त्यांचा अर्थही नित्याचाच असावा, असा समज सहज होतो. संततिनियमनाची ‘अपूर्ण गरज’ ही अशांपैकीच एक होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ९.४ टक्के स्त्रियांची ही गरज अपूर्ण होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १२.९ टक्के होते. इतक्या स्त्रियांनी साधन मागितले व त्यांना ते मिळाले नाही, असा याचा अर्थ वाचक करतो. वस्तुतः ‘तुम्हांला साधनाची गरज आहे काय?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून हा आकडा काढलेलाच नसतो.

आणखी मूल हवे काय, हवे असल्यास किती काळाने, आणि सध्या काही उपाय योजिला जातो काय, हे स्त्रीला विचारतात. जिला मूल नको आहे किंवा निदान दोन वर्षे नको आहे, जी गर्भधारणेस समर्थ आहे आणि तरीही जी कोणताच उपाय योजीत नाही, ती या वर्गात गणली जाते. गर्भवतीच्या बाबतीत सध्याचा गर्भ त्या वेळी हवा होता, पुढे हवा होता, की मुळीच नको होता, हे पाहतात. म्हणजे येथील ‘गरज’ हे स्त्रीचे विधान नव्हे. तिची इच्छा व तिचा आचार यांतील विसंगतीवरून अभ्यासकाने काढलेले ते अनुमान आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. २०१६ मध्ये गुटमाखर संस्थेने ५२ विकसनशील देशांतील अशा स्त्रियांनी दिलेली कारणे तपासली. दुष्परिणामांची भीती, क्वचितच घडणारा शरीरसंबंध आणि स्वतःचा वा निकटवर्तीयांचा विरोध ही कारणे प्रत्येकी सुमारे एकचतुर्थांश स्त्रियांनी सांगितली. साधन मिळत नाही वा परवडत नाही असे म्हणणाऱ्या त्यामानाने थोड्या होत्या. तेव्हा केवळ साधनांचा पुरवठा वाढविल्याने ही गरज पुरी होईल, असे मानता येत नाही.

उलट, ‘पूर्ण’ गरजेतही निवडीचे स्वातंत्र्य गृहीत धरता येत नाही. २०१९-२१ मध्ये ३७.९ टक्के विवाहित स्त्रिया स्त्री-नसबंदीवर अवलंबून होत्या. त्या सर्वांची गरज पूर्ण मानली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना अन्य उपायांची माहिती मिळाली होती काय, याचा त्या गणनेशी संबंध नाही.

मुलाखतीची भाषा येथे निर्णायक ठरते. वरील ९.४ टक्क्यांपैकी ४.० टक्के गरज दोन मुलांत अंतर ठेवण्याची व उरलेली मुले थांबविण्याची होती. मराठी मुलाखतीत ‘इतक्यात नको’ हे उत्तर नुसते ‘नको’ असे टिपले गेले, तर पहिल्या वर्गातील स्त्री दुसऱ्यात जाते. आणि तात्पुरत्या साधनाच्या जागी कायमची शस्त्रक्रिया हा तिच्या गरजेवरचा उपाय ठरतो.