वेबसाइटचे काम आणि घरात तान्हे बाळ

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. घरी बसून व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनविणाऱ्या तरुणाला ती कोण देणार? सातव्या दिवशी अकीका, रात्रीची जागरणे, त्यात गिऱ्हाईकाचा तगादा!

म्हणून काम घेतानाच पाने किती, फेरबदल किती वेळा, मजकूर व फोटो कोण कधी देणार, हे कागदावर घ्यावे. उशीर बहुधा तिथेच होतो. बाळंतपणाच्या सुमारास मुदत ठेवू नये. काम आज, पैसा नंतर, ही उधारीच. आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. काही रक्कम आगाऊ घेणे उत्तम.

व्यापारी बांधवांनीही डोमेन आपल्याच नावावर व पासवर्ड आपल्याकडे ठेवावा. मग बनविणारा चार दिवस बाळाजवळ राहिला तरी निकडीचे काम दुसऱ्याकडून करून घेता येते.