प्राप्तिकराचे विवरणपत्र : लघु नमुना आणि दीर्घ नमुना

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावयास बसलेल्या पगारदार करदात्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कर किती हा नव्हे, तर नमुना कोणता हा होय. कर बहुधा पगारातून आधीच कापला गेलेला असतो. नमुना मात्र ज्याचा त्यालाच ठरवावा लागतो. याविषयीची सर्वसाधारण समजूत अशी की, उत्पन्न लहान असेल तर लहान नमुना आणि मोठे असेल तर मोठा. ही समजूत अगदीच निराधार आहे असे नाही. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ साठी ‘सहज’ या नावाने ओळखला जाणारा आयटीआर-१ हा लघु नमुना ५० लाख रुपयांपर्यंतच्या एकूण उत्पन्नालाच खुला होता. परंतु त्याच वर्षी ४९ लाख रुपये वेतन घेणाऱ्या अधिकाऱ्यास हा नमुना चालत होता, आणि ९ लाखांचे उत्पन्न असलेल्या, पण गावी थोडा ऊस लावणाऱ्या अध्यापकास तो चालत नव्हता. त्याला आयटीआर-२ या दीर्घ नमुन्याकडे वळावे लागे. यावरून नमुन्याची लांबी उत्पन्नाच्या आकारमानापेक्षा त्याच्या प्रकारावर अधिक अवलंबून असते, हे ध्यानात येईल. (येथील विवेचन मुख्यतः त्या वर्षाच्या नमुन्यांस अनुसरून केले आहे. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या वर्षांच्या उत्पन्नाची विवरणपत्रे १९६१ च्या अधिनियमाखालची होत.)

लघु व दीर्घ नमुन्यांची ही जोडी मूळची भारतीय नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१३ च्या कायद्याबरोबर १०४० क्रमांकाचा नमुना आला. १९४१ मध्ये, युद्धखर्चासाठी कराचे जाळे सामान्य नोकरदारांपर्यंत पसरू लागले तेव्हा, ३,००० डॉलरपर्यंतच्या साध्या उत्पन्नासाठी १०४०-ए हा सुटसुटीत नमुना तेथे प्रचारात आला. करदात्याने गणित करावयाचे नाही. कोष्टकात आपले उत्पन्न शोधावयाचे आणि त्यासमोरचा कर भरावयाचा. १९४४ मध्ये प्रमाणित वजावटीची सोय झाली आणि १९८२ या करवर्षापासून १०४०-ईझी हा आणखी आखूड नमुना आला. या लघु नमुन्यांमागे एक देवघेव होती. जो लघु नमुना घेईल त्याने गृहकर्जाचे व्याज, धर्मादाय देणग्या, राज्याचे कर इत्यादींची तपशीलवार यादी देऊन वजावट मागण्याचा मार्ग सोडावयाचा. सोपेपणाची ही किंमत करदाता स्वतःच्या खिशातून देत असे, आणि कित्येकदा ती त्याच्या लक्षातही येत नसे. तेथील जनरल अकाउंटिंग ऑफिसने २००२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार १९९८ या वर्षी सुमारे २२ लाखांपर्यंत विवरणपत्रांवर, केवळ तपशीलवार वजावट न मागितल्यामुळे, कर अधिक भरला गेला असावा. ही रक्कम सुमारे ९४ कोटी ५० लाख डॉलर होती. यांपैकी सर्वच लघु नमुन्याचे नव्हते, तथापि सोपा मार्ग महाग पडू शकतो एवढे त्यावरून दिसते. २०१८ या करवर्षापासून हे दोन्ही लघु नमुने रद्द झाले.

भारतातील लघु नमुना या अर्थाने ‘पर्याय’ नाहीच. येथे वजावटीचा प्रश्न नमुन्याच्या निवडीपासून अलग ठेवलेला आहे. जुनी करप्रणाली पत्करणारा पगारदार मनुष्य भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा, वैद्यकीय विमा, घरभाडे भत्ता, एका घराच्या कर्जाचे व्याज हे सारे ‘सहज’मध्येही मांडू शकतो, आणि नवी प्रणाली की जुनी, हेही मुदतीत भरलेल्या त्याच नमुन्यात सांगू शकतो. म्हणजे दीर्घ नमुना भरल्याने कर कमी होत नाही व लघु नमुना भरल्याने वाढत नाही. मग दीर्घ नमुना हवाच कशाला? त्याचे उत्तर असे की, ‘सहज’ भरणारा करदाता आपल्याजवळ काय आहे हे तर सांगतोच, पण त्याचबरोबर आपल्याजवळ काय नाही याचेही एक मूक निवेदन करीत असतो : परदेशात मालमत्ता नाही, कोणत्याही कंपनीचे संचालकपद नाही, शेअरबाजारात न नोंदलेल्या कंपनीचे समभाग नाहीत, पुढे ओढावयाचा तोटा नाही, शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक नाही. या मूक भागातच बहुतेक चुका होतात.

शेतीचे उदाहरण महाराष्ट्रातील करदात्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. म्हणून ते विवरणपत्रात दाखविण्याचे कारण नाही असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो चुकीचा आहे. राज समितीच्या १९७२ च्या अहवालानंतर, १९७३ पासून, शेतीचे निव्वळ उत्पन्न इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविण्यापुरते हिशेबात घेतले जाते. शेतीवर कर बसविण्याचा अधिकार घटनेने राज्यांकडे दिलेला असल्याने केंद्राने शोधलेली ही आडवाट होय. एका अध्यापकाचे वजावटीनंतरचे करपात्र उत्पन्न ९ लाख रुपये आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न २ लाख रुपये आहे असे समजा. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ च्या नव्या प्रणालीनुसार केवळ ९ लाखांवरील कर ४०,००० रुपये होतो. परंतु रीत अशी की, प्रथम दोन्ही उत्पन्ने मिळवून ११ लाखांवरील कर काढावयाचा. तो ६५,००० रुपये येतो. मग शेतीच्या २ लाखांत ३ लाखांची मूळ करमुक्त मर्यादा मिळवून त्या ५ लाखांवरील कर, म्हणजे १०,००० रुपये, त्यातून वजा करावयाचा. उरले ५५,००० रुपये. उपकर निराळा. करमुक्त म्हणविल्या जाणाऱ्या उत्पन्नाने कर १५,००० रुपयांनी वाढविला, आणि ही वाढ मोजण्यासाठी लागणारे रकाने ‘सहज’मध्ये नाहीत. शेतीचे उत्पन्न ५ लाखांच्या वर गेले तर दीर्घ नमुना त्याहून पुढे जातो : जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, अशी विचारणा तो करतो. सातबाऱ्याशी परिचय असलेल्या वाचकास हे प्रश्न ओळखीचेच वाटतील.

न नोंदलेल्या समभागांच्या अटीने मात्र येथील करदात्यांत काही काळ निष्कारण धास्ती निर्माण केली होती. सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे अथवा साखर कारखान्याचे भाग घरोघरी असतात आणि ते कोणत्याही बाजारात नोंदलेले नसतात. केवळ तेवढ्यासाठी दीर्घ नमुना भरावयाचा काय? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१९ मध्ये खुलासा केला की, ही अट कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांच्या समभागांपुरतीच आहे.

परदेशी मालमत्तेची बाब याहून गंभीर. परदेशात शिकून परतलेला विद्यार्थी तेथील बँकेतले खाते बंद करावयाचे विसरतो. संगणक-उद्योगातील नोकरदारास परदेशी मूळ कंपनीचे समभाग मोबदल्याचा भाग म्हणून मिळतात. सामान्य निवासी करदात्यास हे सर्व दीर्घ नमुन्यातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागते, मग त्यापासून एक रुपयाचेही उत्पन्न नसो. २०१५ च्या काळा पैसा अधिनियमाखाली अशी माहिती न दिल्यास १० लाख रुपये शास्ती होऊ शकते. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून अन्य परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असल्यास ही शास्ती लागू होत नाही. पण शास्ती उठली म्हणून माहिती देण्याचे कर्तव्य उठले असे नव्हे, आणि ‘सहज’चे दारही त्यामुळे उघडत नाही.

तोट्याच्या बाबतीत लघु नमुना खुद्द करदात्याचेच नुकसान करतो. समभागांच्या विक्रीत आलेला भांडवली तोटा पुढील ८ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वळता करता येतो. परंतु त्यासाठी तो मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात दाखविलेला असला पाहिजे. ‘नफा नाही, मग सांगावयाचे काय?’ अशा विचाराने ‘सहज’ भरणारा हा हक्क कायमचा गमावून बसतो.

नमुना चुकल्यास कलम १३९(९) खाली विवरणपत्र सदोष ठरविले जाऊ शकते. सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत, अथवा वाढवून मिळालेल्या मुदतीत, दोष दूर न केल्यास ते अवैध होते. म्हणजे भरलेच नव्हते असे मानले जाते. विलंब शुल्क आणि तोटा पुढे नेण्याच्या हक्काचा नाश हे त्याचे परिणाम होत.

लघु आणि दीर्घ यांमधील सीमारेषा शासनाने वारंवार हलविली आहे. १९९८ मध्ये एका पानाचे ‘सरल’ आले. २००७ मध्ये सोबत कागद न जोडता भरावयाच्या आयटीआर नमुन्यांची मालिका सुरू झाली, आणि २०११ मध्ये ‘सहज’ हे नाव मिळाले. एप्रिल २०१५ मध्ये १४ पानांचा नमुना जाहीर झाला. त्यात प्रत्येक बँक खात्याची आणि परदेश प्रवासाची विचारणा होती. त्यावर एवढी टीका झाली की शासनास तो थांबवून मुख्य भाग ३ पानांत बसविणे भाग पडले. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने घर संयुक्त मालकीचे असणाऱ्यांस ‘सहज’मधून वगळले. पतिपत्नींच्या नावावर घर घेण्याची रूढी लक्षात घेता ही अट किती जणांस बाधली असती, हे सांगावयास नको; सहाच दिवसांनी ती मागे घेण्यात आली.

करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चा बदल याच मालिकेतला, पण अधिक समंजस म्हणावा लागेल. तोपर्यंत समभागनिधीचे थोडे एकक विकून ४०,००० रुपये दीर्घकालीन नफा झालेल्या पगारदारास, त्या नफ्यावर काहीही कर नसताना, संपूर्ण आयटीआर-२ भरावा लागे. आता कलम ११२-ए खालचा १ लाख २५ हजारांपर्यंतचा असा नफा, मागे-पुढे ओढावयाचा तोटा नसल्यास, ‘सहज’मध्ये दाखविता येऊ लागला. हेच समभाग वर्ष पुरे होण्यापूर्वी विकून अवघे ५०० रुपये सुटले असतील, तर मात्र नमुना आयटीआर-२ हाच.